पुढच्या आरोग्य-संकटासाठी डिजिटल तयारी : आधी खर्च कशावर करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका आरोग्य विभागाला डिजिटल कामांसाठी तीन वर्षांचा निधी मिळाला आहे. पुढची साथ, पूर किंवा भूकंप आला, तर यंत्रणेची २०२० सारखी तारांबळ उडू नये, हा त्यामागचा हेतू आहे. समोर तीन प्रस्ताव आहेत : साथीचा अंदाज आधीच सांगणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली, संपर्क-शोधासाठी (बाधितांच्या सहवासात आलेल्यांना शोधण्यासाठी) मोबाइल ॲप आणि नियंत्रण कक्षात भिंतभर पडद्यावर दिसणारा डॅशबोर्ड. यांपैकी आधी काय घ्यावे, असे विचारले आहे.

आरोग्य माहिती व्यवस्थेत वीसहून अधिक वर्षे काम केल्यावर माझे उत्तर असे आहे की, तिन्ही प्रस्ताव पहिल्या वर्षी बाजूला ठेवावेत. ते टाकाऊ आहेत असे मी म्हणत नाही. परंतु या तिन्हींना जी माहिती लागते, ती आज कोण नोंदवते, किती उशिरा नोंदवते आणि ती कितपत खरी असते, याचा उल्लेख प्रश्नात कुठेही नाही. संकट आले की माणसे नवे साधन शिकत बसत नाहीत. रोज हाताखाली असलेले साधन उचलतात, आणि ते नसेल तर कागद, फोन आणि व्हॉट्सॲप यांवर काम रेटतात. म्हणून संकटासाठी वेगळी प्रणाली उभारून ती कुलपात ठेवण्यापेक्षा रोजच्या वापरातील प्रणाली संकटाच्या वेळी ताणता येईल अशी करणे, हीच माझ्या मते खरी तयारी आहे.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण श्रीलंकेचे आहे. जानेवारी २०२० च्या अखेरीस, कोविडची जागतिक साथ जाहीर होण्याच्या कितीतरी आधी, तिथे परदेशांतून येणाऱ्या प्रवाशांची नोंद आणि पाठपुरावा करणारी प्रणाली काही दिवसांत तयार झाली. ती आरोग्यविषयक माहिती गोळा करणाऱ्या ‘डीएचआयएस-२’ या मुक्त सॉफ्टवेअरवर बेतलेली होती, आणि पुढे अनेक देशांनी तोच आराखडा आपापल्या गरजेप्रमाणे बदलून घेतला. हे सॉफ्टवेअर ऑस्लो विद्यापीठातील केंद्राच्या समन्वयाने विकसित होते आणि ते कोणालाही विनामूल्य मिळते. तेव्हा यश सॉफ्टवेअरचे म्हणावे, तर ते सगळ्यांकडेच असू शकत होते. श्रीलंकेकडे वेगळे काय होते? आरोग्य खात्यात हे सॉफ्टवेअर आधीपासून वेगवेगळ्या कार्यक्रमांसाठी वापरात होते, आणि कोलंबो विद्यापीठाच्या जैववैद्यकीय माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून बाहेर पडलेले डॉक्टर खात्यातच कामाला होते. ज्यांना रोग कळतो आणि डेटाबेसही कळतो अशी माणसे त्याच इमारतीत बसत असल्यामुळे निविदा काढण्यात महिने गेले नाहीत. निधीतला पहिला हिस्सा कुठे जावा, याचे उत्तर मला इथेच मिळते : अशी आठ-दहा माणसे कायम पदांवर नेमावीत. यंत्रे नंतरही घेता येतात. मुरलेली माणसे मात्र ऐनवेळी बाजारात मिळत नाहीत.

आता माहिती जिथे जन्माला येते तिथे जाऊ. कोणत्याही प्राथमिक केंद्रात सकाळी गर्दीच्या वेळी नोंदणीच्या टेबलापाशी अर्धा तास नुसते उभे राहावे. परिचारिका रुग्णाचे नाव मोठ्या रजिस्टरमध्ये लिहिते, मग केसपेपरवर लिहिते, मग टॅबलेटवर टाकू लागते. टॅबलेटच्या पडद्यावर चक्र फिरत राहते, रांगेतले मूल रडू लागते, आणि ती टॅबलेट उलटा ठेवून पुढचे नाव पुकारते. संध्याकाळी ओपीडी उठल्यावर ती रजिस्टर उघडून दिवसभराचे सगळे एकत्र भरते, आणि वरच्या कार्यालयात ज्या आकड्यांना ‘रिअल टाइम’ म्हणतात ते प्रत्यक्षात तिच्या रात्रीच्या आठवणीवर उभे असतात. मी स्वतः आखलेल्या एका नोंदपत्रात रुग्णाचा फोन क्रमांक अनिवार्य ठेवला होता. तो भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नसे. काही महिन्यांनी गोवरासारखी लक्षणे असलेल्या रुग्णांचा पाठपुरावा करण्याची वेळ आली. आमच्या पथकाने फोन लावायला सुरुवात केली, तेव्हा लागोपाठ कितीतरी रुग्णांच्या क्रमांकांवर एकच बाई बोलत होत्या. त्या त्याच केंद्रातल्या परिचारिका होत्या. रुग्णाकडे फोन नसला की पुढचे पान उघडण्यासाठी त्यांनी बिचाऱ्यांनी स्वतःचा क्रमांक भरला होता. चूक त्यांची नव्हती, माझी होती. रकान्यात ‘फोन नाही’ असा पर्याय ठेवला असता, तर आम्हाला खरी माहिती मिळाली असती, आणि ज्यांच्यापर्यंत फोनवरून पोहोचताच येणार नाही अशा घरांची यादीही आपोआप तयार झाली असती.

तेव्हापासून कोणतेही नोंदपत्र तपासताना मी एकच विचारतो : या रकान्यातील उत्तर पाहून नेमके कोण, काय करणार आहे? ज्याचे उत्तर मिळत नाही तो रकाना काढून टाकावा. संकटात नोंदपत्रे फुगतात. प्रत्येक विभागाला, प्रत्येक देणगीदाराला आपला एक रकाना हवा असतो, आणि टेबलामागची माणसे मात्र तेवढीच राहतात, किंबहुना आजारपणामुळे कमी होतात. म्हणून नेहमीच्या नोंदपत्राची ‘आणीबाणीतील छोटी आवृत्ती’ आजच ठरवून ठेवावी : वय, लिंग, राहण्याचे ठिकाण, लक्षणे सुरू झाल्याची तारीख, नमुना घेतल्याची तारीख, निकाल आणि रुग्णाचे पुढे काय झाले. एवढे वेळेवर आणि खरे मिळाले, तरी साथीचा आलेख काढता येतो. लक्षणे सुरू झाल्याच्या तारखेचा मी विशेष आग्रह धरतो, कारण ती नसेल तर आपण रोगाचा वेग मोजत नसून प्रयोगशाळेच्या कामाचा वेग मोजत असतो. दुसरी बारीक वाटणारी परंतु घातक गोष्ट म्हणजे शून्य आणि रिकामे यांतला फरक. ‘आज एकही रुग्ण नाही’ आणि ‘आज अहवालच आला नाही’ या दोन्ही स्थिती नकाशावर एकाच पांढऱ्या रंगात दिसत असतील, तर सर्वांत हलाखीत सापडलेले केंद्र सर्वांत निरोगी दिसेल.

नोंद झाल्यानंतरचा टप्पा म्हणजे माहितीची ने-आण. हे काम कंटाळवाणे असते, उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही आणि म्हणूनच त्याला पैसा मिळत नाही. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ बाधितांच्या नोंदी रोजच्या आकडेवारीतून आणि संपर्क-शोधाच्या यादीतून गळाल्या. प्रयोगशाळांकडून येणाऱ्या साध्या मजकूर-फाइली एक्सेलच्या जुन्या साच्यात ओतल्या जात होत्या, आणि त्या साच्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. एकेका चाचणीच्या अनेक ओळी होत असल्यामुळे फाइल लवकर भरली आणि उरलेल्या नोंदी कोणतीही सूचना न देता गळून पडल्या. रुग्णांना त्यांचा निकाल कळला होता. त्यांच्या सहवासात आलेल्यांना मात्र कित्येक दिवस कोणी फोन केला नाही. जगातील संपन्न देशांपैकी एकाकडे संगणक, तज्ज्ञ आणि पैसा यांची वाण नव्हती. कमी पडला तो प्रयोगशाळेपासून पाठपुरावा पथकापर्यंतचा, आधी ताण देऊन तपासलेला मार्ग. नेहमीच्या दहापट नोंदी एका दिवसात आल्या तर कोणत्या टप्प्यावर काय तुंबेल, ही चाचणी शांततेच्या काळात खोट्या नोंदी वापरून एका दुपारी करता येते. मी ती वारंवार केली आहे आणि पहिल्या फेरीत काहीच तुंबले नाही, असे एकदाही घडलेले नाही.

या ने-आणीसाठी तीन पाया-याद्या लागतात. आरोग्य केंद्रांची, आरोग्य कर्मचाऱ्यांची आणि ओळखीसाठी रुग्णांची. यांतली पहिली सर्वांत सोपी वाटते. प्रत्यक्षात एकच रुग्णालय लसीकरणाच्या यादीत एका नावाने, प्रयोगशाळेच्या यादीत दुसऱ्या स्पेलिंगने आणि औषधसाठ्याच्या यादीत नुसत्या गावाच्या नावाने असते, आणि खाटा किती, प्राणवायू किती, रुग्ण किती हे एकमेकांना जोडायला बसलो की पहिले दोन आठवडे नावे जुळवण्यात जातात. प्रत्येक केंद्राला एकच कायम क्रमांक द्यावा आणि तो सगळ्या प्रणालींनी वापरावा. चाचण्यांसाठी ‘लॉइंक’, निदानासाठी आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण आणि प्रणालींमधील देवाणघेवाणीसाठी एचएल-७ संस्थेचे ‘फायर’ ही मानके तयार आहेत. आपली वेगळी संकेतावली रचण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणीसाठी काही संकेतांक रिकामे राखून ठेवले होते, आणि २०२० च्या सुरुवातीला त्यांपैकी ‘यू०७.१’ हा कोविडला दिला गेला. ज्या रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे रिकामे संकेतांक आधीच भरलेले होते त्यांना नुसते नाव लावायचे होते. माझ्या मते तयारीचा इतका साधा, इतका स्वस्त नमुना दुसरा नाही : ज्या रोगाला अजून नाव नाही त्याच्यासाठी रकाना आज असावा.

आता अंदाज सांगणाऱ्या प्रणालीविषयी, कारण प्रश्नात सर्वांत जास्त ओढ तिचीच दिसते. गूगलने २००८ मध्ये लोकांच्या शोध-शब्दांवरून फ्लूची साथ ओळखणारी सेवा सुरू केली. २००९ मध्ये नव्या फ्लूची पहिली लाट तिला नीट दिसली नाही, तर २०१२-१३ च्या हंगामात तिचे आकडे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या आकड्यांच्या जवळपास दुप्पट निघाले. २०१५ मध्ये तिचे अंदाज प्रसिद्ध होणे थांबले. लोक काय शोधतात हे आजाराबरोबरच बातम्यांवर आणि खुद्द शोधयंत्राच्या सूचनांवरही अवलंबून असते, हे त्या प्रणालीला वेगळे काढता आले नाही. कोविडच्या पहिल्या वर्षात छातीच्या एक्स-रे आणि सीटी स्कॅनवरून निदान किंवा आजाराचा अंदाज सांगणारी शेकडो संगणकीय प्रारूपे प्रसिद्ध झाली. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील गटाने त्यांची छाननी केली, तेव्हा तपशिलाने तपासलेल्या ६२ अभ्यासांपैकी एकही रुग्णसेवेत वापरण्याजोगा ठरला नाही. काही ठिकाणी कोविड नसलेल्यांच्या गटात लहान मुलांचे एक्स-रे घेतले होते, त्यामुळे यंत्र कोविड ओळखण्याऐवजी मूल आणि मोठे माणूस यांतला फरक ओळखायला शिकले असण्याचा धोका होता. यंत्राला आपण जे खाऊ घालतो तेच ते शिकते, आणि घाईत जमवलेला डेटा हे निकृष्ट खाद्य असते.

याउलट, ३० डिसेंबर २०१९ रोजी ‘प्रोमेड’ या १९९४ पासून चालणाऱ्या उद्रेक-सूचनांच्या सेवेने चीनमधील अज्ञात न्यूमोनियाविषयी जगभरच्या वाचकांना सूचना पाठवली आणि अधिक माहिती मागवली. त्यामागे साधा ईमेल होता, आणि मुख्य म्हणजे आलेली कुजबुज वाचून ‘हे वेगळे दिसते’ असे म्हणू शकणारे अनुभवी संपादक होते. म्हणून पूर्वसूचनेवर खर्च करायचाच असेल, तर दवाखान्यातील डॉक्टर, पशुवैद्य, शाळा, औषधविक्रेते यांना ‘काहीतरी विचित्र घडते आहे’ एवढे एका फोनने किंवा संदेशाने कळवता यावे आणि ते वाचायला, पडताळायला दुसऱ्या टोकाला रोज कोणीतरी बसलेले असावे, यावर तो करावा. पशुवैद्य हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. माणसांतील नव्या संसर्गांपैकी मोठा भाग प्राण्यांकडून येतो, आणि तरीही बहुतेक ठिकाणी जनावरांच्या आजारांची नोंद आणि माणसांच्या आजारांची नोंद एकमेकींना ओळखही देत नाहीत. ही व्यवस्था चालते की नाही हे मोजण्यासाठी २०२१ मध्ये मांडले गेलेले ‘सात-एक-सात’ हे माप मला उपयोगी वाटते : उद्रेक सुरू झाल्यापासून ७ दिवसांत तो ध्यानात यावा, १ दिवसात तो संबंधित आरोग्य यंत्रणेला कळवला जावा आणि पुढच्या ७ दिवसांत सुरुवातीची उपाययोजना उभी राहावी. मागच्या दोन-तीन वर्षांत झालेल्या छोट्या-मोठ्या उद्रेकांना हे माप लावून पाहिले की कोणत्या टप्प्यात दिवस वाया जातात ते कळते, आणि बऱ्याचदा असे आढळते की ते संगणकात नव्हे, तर सहीसाठी थांबलेल्या कागदात गेलेले असतात. तिथे सॉफ्टवेअरपेक्षा अधिकारांच्या वाटपाचा एक आदेश जास्त काम करतो.

डिजिटल तयारी म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रुग्णाची माहिती येते. कर्मचाऱ्यांची माहिती क्वचितच येते. पश्चिम आफ्रिकेतील २०१४ ते २०१६ च्या इबोला साथीत सिएरा लिओनमध्ये दफन पथकांपासून परिचारिकांपर्यंत हजारो लोक जोखमीचे काम करत होते, आणि त्यांचा जोखीम-भत्ता रोखीने वाटताना याद्यांचा गोंधळ, दिरंगाई आणि गळती इतकी होत होती की काम बंद पडण्याची वेळ येई. कामावरच्या माणसांची पडताळलेली यादी करून पैसे मोबाइलवर देण्यास सुरुवात झाल्यावर, एरवी महिन्याहून अधिक लागणारी रक्कम सुमारे आठवड्याभरात हातात पडू लागली. साथनियंत्रणाची ही मला माहीत असलेली एक अत्यंत परिणामकारक डिजिटल उपाययोजना आहे, आणि तिच्यात रोगाचे नावसुद्धा नाही. कोण कुठे नेमलेला आहे, त्याने अतिदक्षता विभागात काम केले आहे का, त्याचा चालू फोन क्रमांक आणि बँक खाते कोणते, एवढी यादी दर तिमाहीला ताजी राहिली तरी अर्धी लढाई सोपी होते. तीच गोष्ट साठ्याची. प्राणवायू, सलाइन, हातमोजे, सर्पदंशावरील प्रतिविष यांचा साठा केंद्रनिहाय दिसत असेल, तर पुराच्या आदल्या दिवशी काय कुठे हलवायचे ते ठरवता येते. नाहीतर फोनाफोनी आणि अंदाज.

दूरवैद्यकीय सल्ल्याविषयी फार लिहीत नाही. तंत्र २०२० च्या आधीही होते. अनेक देशांत मार्च २०२० मध्ये घाईघाईने बदलावे लागले ते नियम : फोनवर दिलेली चिठ्ठी ग्राह्य धरायची का, त्याचे शुल्क कोणी द्यायचे, चूक झाली तर जबाबदारी कोणाची. हे नियम आधी करून ठेवावेत आणि मधुमेह, उच्च रक्तदाब, क्षयरोग, डायलिसिस यांच्या रुग्णांसाठी ते आजपासून वापरावेत, कारण साथीच्या काळात साथीबाहेरच्या कारणांनी होणारे बरेचसे मृत्यू याच लोकांत होतात.

आता माझ्या जिव्हाळ्याचा, आणि सर्वाधिक दुर्लक्षित, विषय. डिजिटल व्यवस्था स्वतःच संकट ठरू शकते. १४ मे २०२१ रोजी आयर्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेवर खंडणीखोर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा) सायबर हल्ला झाला आणि देशभरच्या रुग्णालयांना कागद-पेनावर यावे लागले. नंतरच्या स्वतंत्र चौकशी अहवालाने उलगडलेला घटनाक्रम प्रत्येक प्रशासकाने वाचावा असा आहे. मार्चमध्ये एका संगणकावर फसव्या ईमेलमधील एक्सेल फाइल उघडली गेली. महिनाअखेरीस विषाणूरोधक सॉफ्टवेअरने संशयास्पद हालचाल टिपलीही होती, परंतु ते नुसते पाहण्याच्या अवस्थेत ठेवलेले असल्याने त्याने काही रोखले नाही, आणि हल्लेखोर सुमारे आठ आठवडे आत वावरत राहिले. आठवड्याभरात कुलूप उघडण्याची किल्ली मिळूनही सगळे पूर्ववत व्हायला सप्टेंबर उजाडला. हे सगळे एका साथीच्या मधोमध घडले.

म्हणून वर्षातून दोनदा, आधी तारीख ठरवून, एका रुग्णालयातील प्रणाली चार तास खरोखर बंद ठेवण्याची तालीम करावी. पहिल्यांदा आम्ही अशी तालीम घेतली, तेव्हा विसाव्या मिनिटाला कोणीतरी आणीबाणीतील संपर्क-यादी मागितली. यादी सुंदर तयार केलेली होती. ती सर्व्हरवर होती. रक्तपेढीचा क्रमांक एका वयस्कर शिपायाच्या खिशातील डायरीतून मिळाला. त्या दिवसानंतर त्या रुग्णालयात प्रत्येक विभागात एक लाल पेटी आली : छापील संपर्क-यादी, कोरे केसपेपर, औषधोपचाराचे छापील तक्ते, कार्बन कागद आणि दर सकाळी निघणारी दाखल रुग्णांची एक पानी यादी. कार्बन कागदाला तरुण सहकारी हसले होते, हेही नमूद करतो. बॅकअपच्या बाबतीतही तेच. बॅकअप घेतला जातो का, असे विचारू नये. शेवटचा बॅकअप परत चढवून कधी पाहिला आणि त्याला किती तास लागले, असे विचारावे, आणि त्याची एक प्रत जाळ्यापासून पूर्णपणे तोडलेली ठेवावी. भूकंप-चक्रीवादळात वीज आणि मोबाइल मनोरे आधी जातात. त्यामुळे जी प्रणाली नेटवर्कशिवाय नोंद घेऊन नंतर जुळवून घेऊ शकत नाही, तिला आपत्तीसाठीची प्रणाली म्हणू नये.

संपर्क-शोध ॲपच्या प्रस्तावाकडे येतो. या ॲपचा उपयोग लोकांनी ते ठेवण्यावर असतो, आणि लोक ते विश्वासावर ठेवतात. सिंगापूरने मार्च २०२० मध्ये आणलेल्या ॲपविषयी सुरुवातीला माहिती केवळ संपर्क-शोधासाठी वापरली जाईल असे सांगितले गेले. जानेवारी २०२१ मध्ये पोलिसांनाही ती गुन्हे तपासासाठी मिळू शकते हे उघड झाले, लोक नाराज झाले आणि फेब्रुवारीत कायदा करून तो वापर गंभीर गुन्ह्यांच्या ठरावीक प्रकारांपुरता आखून द्यावा लागला. हा कायदा ॲपच्या आधी असायला हवा होता. कोणती माहिती, कोणासाठी, किती दिवस, आणि संकट संपल्यावर ती कोण, कोणत्या तारखेला पुसणार, हे शांत काळात, भीतीचे सावट नसताना ठरवावे. २०१० च्या हैती भूकंपानंतर मोबाइल सिमच्या निनावी नोंदींवरून लोक राजधानीतून कुठे गेले याचा अंदाज घेता आला, आणि असा अंदाज मदतीला उपयोगी पडू शकतो. असे काही करायचे असेल, तर मोबाइल कंपन्यांशी करारनामा, माहिती निनावी करण्याची पद्धत आणि स्वतंत्र देखरेख आधी ठरलेली असावी. शिवाय ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही ते वृद्ध, स्थलांतरित मजूर, घरातल्या एकाच फोनवर हक्क नसलेल्या स्त्रिया ॲपच्या नकाशावर नसतातच. तंत्राचा आंधळेपणा कधीकधी आणखी खोल असतो : बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर घरगुती विलगीकरणाची सगळी मदार होती, आणि डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखवले की, लपलेली प्राणवायूची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये या उपकरणाच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट होते. साधन खरेदी करताना ते कोणत्या लोकांवर तपासले आहे, हे विचारणे ही केवळ औपचारिकता नाही.

एक लाभ मात्र असा आहे जो नियोजनात सहसा मोजला जात नाही. ब्रिटनमधील कोविड-उपचारांच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत पहिला रुग्ण १९ मार्च २०२० रोजी दाखल झाला, आणि १६ जूनला डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते, हे जाहीर झाले. तीन महिन्यांत हे शक्य झाले, कारण दमलेल्या डॉक्टरांकडून अगदी मोजकी माहिती ऑनलाइन भरून घेतली जात होती आणि रुग्णाचे पुढे काय झाले हे नेहमीच्या राष्ट्रीय नोंदींना जोडून समजत होते. ज्या नोंदी एरवी प्रशासनासाठी ठेवल्या जातात त्यांनीच जगभर वापरले गेलेले उपचाराचे उत्तर शोधायला मदत केली. आपल्या नोंदींत मृत्यूची नोंद आणि रुग्णालयाची नोंद एकमेकींना जोडता येत नसेल, तर हे दार बंद आहे. ते उघडण्यासाठी परवानग्या आणि नैतिक समितीची मंजुरी आधीच मिळवून ठेवावी.

शेवटी पैशांचे. पहिल्या वर्षी माणसे, पाया-याद्या, नोंदपत्रांची छाटणी आणि प्रयोगशाळेपासून पाठपुराव्यापर्यंतचा मार्ग. दुसऱ्या वर्षी साठा, कर्मचारी-यादी, सायबर सुरक्षा आणि बंद-तालमी. ॲप आणि अंदाज-प्रणाली तिसऱ्या वर्षी, तेही छोट्या प्रमाणावर आणि जुन्या उद्रेकांच्या नोंदींवर तपासून. दर वर्षीच्या रकमेत देखभालीचा खर्च वेगळा राखावा; निधी संपल्यावर सर्व्हरचे भाडे कोण भरणार याचे लेखी उत्तर नसेल, तर ते काम सुरूच करू नये. कंपनीशी करार करताना दोन कलमे सोडू नयेत. एक, सर्व माहिती केव्हाही, पूर्ण आणि प्रमाणित स्वरूपात, विनाशुल्क बाहेर काढता आली पाहिजे. दोन, नवा रोग किंवा नवा रकाना जोडणे हे खात्यातील प्रशिक्षित माणसाला एका दिवसात स्वतः करता आले पाहिजे; प्रात्यक्षिकाच्या दिवशी कंपनीच्या माणसाला बाजूला बसवून, आपल्या माणसाकडून ते करून घ्यावे. मी पाहिलेल्या निविदांपैकी निम्म्याहून अधिक या एका चाचणीत गळाल्या आहेत.

भिंतभर पडद्याचा प्रस्ताव दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पुन्हा टेबलावर घ्यावा. तोपर्यंत त्यावर काय दाखवायचे हे कळलेले असेल, आणि पडद्याची किंमतही बहुधा उतरलेली असेल.